चित्रावरचं बोट

गेल्या उन्हाळ्यात आमचे जुने अंक घेऊन एका गावच्या वाचनालयात गेलो होतो. चौथीतला एक मुलगा दाराशीच घुटमळत होता. “त्याला वाचायचा भारी कंटाळा,” आईने आधीच सांगून टाकलं. मुलाने अंक चाळला आणि एका पानावर थबकला. पडक्या विहिरीत लोंबकळणारा पोरगा, वर दगडावर घासून विरत चाललेला दोर. त्याने दोरावर बोट ठेवलं, मग ते खाली मजकुरावर आणलं. “आता दोराचा एकच पीळ शि… शिल्…” नजर झटकन चित्राकडे गेली आणि परतली. “शिल्लक!” पुढचं पान त्याने स्वतः उलटलं.

जोडाक्षराशी झटताना मुलाच्या हातून गोष्टीचा धागा सुटतो आणि त्यालाच आपण कंटाळा म्हणतो. चित्र तो धागा धरून ठेवतं. कोण, कुठे, कसल्या संकटात, हे डोळ्यांना कळलं की सारं बळ शब्दावर लावता येतं. सुटका कशी झाली, हे मात्र वाचूनच कळतं.

मराठी मुलांना ही वाट नवी नाही. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला विक्रम ‘चांदोबा’त चित्रकार शंकर यांनी रेखाटला आणि तो पिढ्यांच्या डोळ्यांत राहिला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून सुसाट निघाला, तेव्हा वाचणारेही त्याच्या मागे धावले. १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ चित्रांसह गोष्टी घरोघर नेत आहे. तरीही “चित्रांचं काय बघतोस, अभ्यासाचं वाच” म्हणत आपण मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घेतो, याचं वाईट वाटतं.

म्हणून यंदाचा अंक सचित्र साहसकथांचा. चित्रकारांना आम्ही प्रत्येक गोष्ट पूर्ण वाचायला दिली आणि एकच विनंती केली: सुटकेचं चित्र नको, सुटकेच्या आधीच्या क्षणाचं काढा. टाईप मोठा घेतला, दोन ओळींत मोकळी जागा ठेवली.

पालकहो, हा अंक कपाटात जपून ठेवू नका. फराळाच्या ताटाशेजारी उघडा पडू द्या. चकलीचं तेलकट बोट एखाद्या चित्रावर उमटलं, तर रागावू नका. तेच बोट थोड्या वेळाने खालच्या ओळीवर येईल.

शुभ दीपावली!

– संपादक