एकच माल, दोन बाजार

मुलगा किंवा मुलगी दहावी होऊन विज्ञान शाखेकडे वळली की आपल्या पेढ्यांवर एक चर्चा हमखास रंगते. बोर्डाची परीक्षा काय, कशीही पार पडते. खरे लक्ष प्रवेशपरीक्षेकडेच दिले पाहिजे, असे सांगणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. हे मत हिशेबाला धरून नाही, असे नम्रपणे परंतु स्पष्टपणे मांडावेसे वाटते.

कर्नाटकाच्या सी.ई.टी.त अभियांत्रिकीची गुणवत्तायादी लावताना निम्मा भार प्रवेशपरीक्षेला, तर निम्मा पी.यू.सी.च्या द्वितीय वर्षातील भौतिक, रसायन व गणित ह्या विषयांच्या गुणांना असतो. जे.ई.ई. मुख्य परीक्षेतून एन.आय.टी.त जाऊ इच्छिणाऱ्या सर्वसाधारण वर्गातील विद्यार्थ्यालाही बारावीत 75 टक्के गुण, किंवा आपल्या बोर्डात वरच्या 20 शततमकात स्थान मिळवावे लागते. ज्या खात्यावर निम्मे येणे आहे, ते खाते कोणता व्यापारी न पाहता ठेवील?

शिवाय दोन्हीकडचा माल एकच आहे. पी.यू.सी.ची विज्ञानाची पाठ्यपुस्तके एन.सी.ई.आर.टी.चीच असतात व प्रवेशपरीक्षांचा पायाही बहुतांशी तोच. गाउसच्या नियमाचेच पाहा. बोर्डात त्यावरून सूत्र सिद्ध करावयास सांगतात. प्रवेशपरीक्षेत विचारतात, अंतर दुप्पट केल्यास विद्युत्क्षेत्राचे काय होईल? अनंत लांबीच्या भारित तारेजवळ ते निम्मे होते. अनंत भारित पृष्ठाजवळ ते बदलतच नाही. ज्याने सकाळी दोन्ही सिद्धता स्वतःच्या हाताने लिहिल्या, त्याला सायंकाळी हे पाठ करावे लागत नाही. म्हणून सकाळी सविस्तर लेखन व त्याच दिवशी त्याच प्रकरणाचे पर्यायी प्रश्न, हा क्रम मला सर्वांत किफायतीचा वाटतो. चुकलेली उदाहरणे वेगळ्या वहीत उतरावीत आणि दर रविवारी त्यांची वसुली करावी. प्रथम वर्षाचे गुण यादीत धरले जात नाहीत म्हणून तो भाग मागे पडतो. परंतु प्रवेशपरीक्षेत तोही येतो, हे विसरू नये.

मात्र बाजाराची रीत दोहोंकडे निराळी. सी.ई.टी.त एका विषयाचे 60 प्रश्न 80 मिनिटांत सोडवावयाचे असतात व चुकीला दंड नाही. तेथे प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे शुद्ध तोटा. जे.ई.ई. मुख्य परीक्षेत बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात, चुकल्यास 1 जातो. चार पर्यायांच्या चार प्रश्नांवर डोळे झाकून खूण केली, तर सरासरीने 4 मिळून 3 जातील. उरेल एक गुण, आणि जोखीम मात्र चारही प्रश्नांची. दोन पर्याय निश्चितपणे वगळता आले, तर सौदा करण्यासारखा असतो.

बेळगावकडील मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण वेगळीच आहे. विषय समजलेला असतो. इंग्रजी परिभाषा अडते. त्यांनी पहिल्या सत्रातच शब्दांची वही घालावी. हा शब्दसंग्रह वेळीच झाला नाही, तर हुशार मूलही स्वतःला मठ्ठ समजू लागते, आणि घरातील मंडळींना त्याचा पत्ताही नसतो.

घरातील मंडळींना आणखीही काही सांगावयाचे आहे. लवकर जेवण्याची आपली रीत अभ्यासास फार सोयीची आहे. संध्याकाळ मोकळी मिळते, रात्री वेळेवर झोप येते व पहाट हाती लागते. पर्युषणातील उपवासांचा आग्रह मात्र ह्या दोन वर्षांत धरू नये. तप शक्तीप्रमाणे करावे, असेच शास्त्र सांगते. दहावीपूर्वीच मुलांना कोट्यास पाठविण्याचा विचार करणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या सूचना वाचाव्यात. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गात घेऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. 2023 साली त्या शहरातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता कोणत्या आईबापांस विसरता येतील?

जे.ई.ई.चे पहिले सत्र साधारणपणे जानेवारीत असते, पुढे बोर्डाची परीक्षा आणि एप्रिलमध्ये दुसरे सत्र व सी.ई.टी. म्हणजे तयारीचे ऐन दिवस दिवाळीपासूनच सुरू होतात, आणि नेमके तेव्हाच आपण मुलाला गल्ल्यावर बसवितो. त्या हंगामापुरता दुकानात एक माणूस जास्त ठेवावा. त्याचा पगार शिकवणीच्या फीपुढे काहीच नाही.