मुकी पेटी

ज्या घरांत वडिलांची पेटी कपाटावर धूळ खात पडली आहे आणि नातवंडांना मात्र संगणकावर गाणीं रचावयाचीं आहेत, अशा घरांतील वडीलधाऱ्या मंडळींसाठीं आजचें हें टिपण आहे. आमचें घर त्यांपैकींच एक. नऊ माणसें, चार खोल्या. कोणी ना कोणी आजारी, कोणी ना कोणी परीक्षेला बसलेलें. त्यामुळें धाकट्या सूनबाईनें माहेरीं सात वर्षें शिकलेली पेटी आमच्या घरीं आल्यापासून, म्हणजे ११ वर्षें, एकदांही उघडलेली नव्हती. तिनें तक्रार केली नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत नातवानें कीबोर्ड मागितला. मीं चित्र पाहून २५ पट्ट्यांचा एक मागविला. रंगीत दिवे, आठ गुंड्या, ठोके देण्याच्या चौकटी. चित्रांत तो फार भव्य दिसत होता. उघडून पाहतों तों एखाद्या पोथीएवढा! तार संगणकाला जोडली, दिवा लागला, नातवानें पट्टी दाबली, आणि आवाजच नाहीं. सगळें घर भोंवतीं जमलेलें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मुकी पेटी आणलीत कीं!"

दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. ह्या जातीच्या कीबोर्डाला कंट्रोलर म्हणतात, व तें नांव यथार्थ आहे. त्याच्या पोटांत भाता नाहीं, सूर नाहींत, आवाज काढणारें कांहींच नाहीं. कोणती पट्टी दाबली व किती वेगानें दाबली, एवढा निरोप तो यूएसबीच्या तारेनें संगणकाकडे धाडतो. मधल्या सप्तकांतील पांढरी एक म्हणजे ६० हा अंक. वेगाचे अंक १ पासून १२७ पर्यंत. पोथी जशी स्वतः बोलत नाहीं, तिला वाचणारा लागतो, तसेंच हें. वाचणारा म्हणजे संगणकांतील वाद्याचा प्रोग्रॅम. ह्या निरोपांच्या लिपीचें नांव मिडी. ती १९८३ सालीं बाजारांत आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी ह्यांनीं एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांना एका लिपीवर आणलें, व त्याबद्दल २०१३ सालीं दोघांना ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला.

ह्यावरून गृहस्थानें घ्यावयाचा बोध असा कीं, महाग कीबोर्डाचा आवाज गोड आणि स्वस्ताचा कर्कश, ही समजूत चुकीची आहे. आवाज दोहोंलाही नाहीं. आपण पैसे मोजतों ते बोटांखालच्या पट्ट्यांसाठीं, आणि आमची पहिली खरेदी फसली ती तेथेंच. सूनबाईनें जातां जातां त्या छोट्या कीबोर्डावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "मामंजी, बोटें एकमेकांवर चढतात," एवढेंच ती म्हणाली. पट्ट्या नेहमींच्या रुंदीच्या नव्हत्या. मीं विचारलें असतें तर तिनें हें आधींच सांगितलें असतें. परंतु खरेदी मुलासाठीं, मग सुनेला कशाला विचारावयाचें, अशी आमची चाल! कीबोर्ड परत केला, वाहतुकीचे पैसे गेले.

दुसऱ्या खेपेस तिलाच घेऊन दुकानांत गेलों. आपली साडेतीन सप्तकांची पेटी ४२ पट्ट्यांची असते. २५ पट्ट्या म्हणजे दोनच सप्तकें. मंद्रांत उतरावयाचें तर बटण दाबून सप्तक सरकवावें लागतें, व तान मध्येंच तुटते. ४९ म्हणजे चार सप्तकें, घरास पुरेशीं. ६१ मेजावर मावत असतील तर उत्तमच. ८८ पट्ट्यांचे वजनदार कीबोर्ड पियानोच्या विद्यार्थ्याचे. पेटीवर वाढलेल्या हाताला हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्याच जवळच्या वाटतात. पट्टी जोरानें व हळू दाबून पाहावी. संगणकांतील आवाज तितकाच लहानमोठा झाला पाहिजे. पट्टी बदलण्याचें बटण अवश्य असावें, म्हणजे काळी चारमध्यें गाणाऱ्या मुलीसाठीं सबंध चाल नव्यानें बसवावी लागत नाहीं. मागें पायपट्टीसाठीं छिद्र आहे ना, तेंही पाहावें. गुंड्या, दिवे, चौकटी ह्यांचा मोह आवरावा.

एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ किंवा नेक्टारचा इम्पॅक्ट जीएक्स४९, हे ह्या साध्या, पूर्ण रुंदीच्या जातीचे. आकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब हे छोटे. प्रवास करणाऱ्याला किंवा ठोक्यांची गाणीं रचणाऱ्याला ते सोयीचे आहेत, त्यांना मी नांवें ठेवीत नाहीं. चार सप्तकांच्या कीबोर्डाला मेज मात्र अडीच फुटांहून अधिक लांब लागतें. आम्हीं मोजलें नव्हतें. आमच्या मेजावरून तो दोन्हीकडे चार चार बोटें बाहेर येतो.

प्रोग्रॅमवर पैसे घालण्याचें सुरुवातीस कारण नाहीं. ॲपलच्या संगणकासाठीं गॅरेजबँड आणि विंडोज व लिनक्ससाठीं एलएमएमएस फुकट मिळतात. त्रास होतो तो विलंबाचा. संगणक आवाज हप्त्याहप्त्यानें तयार करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १,०२४ नमुन्यांचा हप्ता म्हणजे सुमारें २३ सहस्रांश सेकंद. १२८ चा हप्ता तीन सहस्रांशांच्याही आंत. पहिला बोटांना खटकतो, दुसरा कळतही नाहीं. विंडोजवर त्याकरितां एएसआयओ जातीचा ड्रायव्हर घालावा. आणि हेडफोन तारेचेच घ्यावे. ब्लूटूथच्या हेडफोनांत पट्टी आधीं आणि सूर मागाहून, असा प्रकार होतो. आम्हीं दोन दिवस कीबोर्डालाच दोष देत होतों.

१९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला मज्जाव केला, तो १९७१ मध्यें सैल झाला. आक्षेप असा कीं, ठरलेल्या बारा स्वरांखेरीज तिला श्रुति नाहींत, व स्वरावरून स्वरावर घसरतां येत नाहीं म्हणून मींडही नाहीं. नव्या कीबोर्डाच्या डाव्या बाजूस एक चाक असतें. तें फिरविलें कीं स्वर वाकतो; पुष्कळ प्रोग्रॅमांत मुळांत दोन अर्धस्वरांपर्यंत, पण ही मर्यादा बहुधा वाढवितां येते. आणि भाता नसल्यामुळें डावा हात त्या कामास मोकळा! परंतु नुकसानही तेथेंच आहे. भात्याच्या श्वासानें लांब स्वर फुलवितां येतो. येथें पट्टी दाबली त्या क्षणींच स्वराचें बळ ठरून जातें. शेजारचें दुसरें चाक त्या कामाला लावतां येतें, तरी भात्याची सर त्याला नाहीं. हें मत सूनबाईचें. मी केवळ ऐकणारा.

आतां सायंकाळीं नातवाची पाळी असते, व रात्रीं साडेनऊनंतर, ओटा आवरून झाला कीं, तिची. हेडफोन तिच्या कानाला असतात. घरांत कोणाची झोंप मोडत नाहीं. बाहेर ऐकूं येते ती पट्ट्यांची बारीक टकटक. तीवरून राग ओळखण्याचा मीं पुष्कळ प्रयत्न केला, पण लय तेवढी कळे. परवां दोन हेडफोन एकत्र जोडण्याची एक दुफाटी तार दुकानांतून आणली. "मामंजी, बसतां का?" तिनें विचारलें. दुर्गा चालला होता. मध्यमावरून ऋषभावर उतरतांना तिचा डावा अंगठा चाकावर होता. तेवढ्या अंतरासाठीं चाकाची मर्यादा नातवानें दुपारींच वाढवून ठेविली होती.