आइसलँडचा घोडा आणि लखनौचा जून

तेलीबागेच्या आसपास घोडेस्वारी शिकणाऱ्या मंडळींत सध्या एक टूम निघाली आहे: तबेल्यात आइसलँडिक घोडा आणायचा. मुलांना बसायला सोपा आणि फोटोत देखणा. माझा याला ठाम विरोध आहे.

त्या घोड्याचे गुण नाकारत नाही. उंची साधारण १४० सेंटीमीटर, तरी मोठ्या माणसाला सहज वाहून नेतो. स्वभाव शांत. शिवाय त्याला 'टोल्ट' नावाची चाल येते, तीत स्वाराला धक्का जवळजवळ बसत नाही.

पण हा घोडा हजारेक वर्षं एका थंड बेटावर वाढला. आइसलँडमध्ये बाहेरचा घोडा आणायला बंदी आहे. देशाबाहेर गेलेला त्यांचा स्वतःचा घोडाही परत घेत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या रोगांची त्याच्या अंगाला सवयच नाही. परदेशात बारीक चावऱ्या माश्यांमुळे त्याला खाजेचा आजार जडतो. आयाळ-शेपूट घासून घासून कातडी सोलवटते. ही गत युरोपात. इथे जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो आणि मागोमाग पावसाळ्यातली चिलटं येतात. ही हौस नव्हे, मुक्या जनावराचा छळ आहे.

आणि नवशिक्याला धक्के नकोत कशाला? खडकवासल्यात आमची बैठक पक्की झाली ती दुडकीचे धक्के खाऊनच. तरीही मऊ चाल हवी असेल, तर आपल्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत रवाल आहेच.

बुटका, काटक घोडा हवा तर भीमथडी काय वाईट? धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन उन्हातान्हात चालणारं हे तट्टू. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. २०२३ साली महाराष्ट्राने स्वीकारलेल्या राज्यगीतात ते आहे. शिकवणीच्या तबेल्यात मात्र शोधून सापडत नाही. मागणी नसेल तर धनगर ते पाळणार किती दिवस? छातीवर हात ठेवून गायचं आणि पैसे मात्र परदेशी जनावरावर उधळायचे, हे मला पटत नाही.

नवा घोडा जरूर आणा. आधी काही आठवडे वेगळा बांधा, ग्लँडर्स आणि सर्रा यांसाठी रक्त तपासा, मग कुंपणापलीकडून बाकीच्यांशी ओळख होऊ द्या आणि शेवटी मूल बसवा. फक्त तो इथल्या उन्हात सुखाने जगणारा असावा.