डोकी मोजणाऱ्यांचा ताळेबंद



वस्तीच्या कमानीवर फ्लेक्स लागलाय. भव्य रोजगार मेळावा. एका कोपऱ्यात बाबासाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात पुढारी, मधे टाय घातलेला हसरा पोरगा, आणि खाली बारीक अक्षरात मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांची नावं. मागच्या महिन्यात सुट्टी काढून नगरला आलो तेव्हा हा फ्लेक्स पाहिला. सरकारनं २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर केलं. कमान तीच, पोरं तीच, बायोडाटाच्या झेरॉक्सही त्याच.

मेळाव्याला गेलो. एसएससी, बारावी, आयटीआय, बीए, एमए झालेली पोरं सगळी एकाच रांगेत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. टेबलापलीकडचा साहेब एकच गोष्ट विचारत होता, "नागापूर एमआयडीसी, सुपा का रांजणगाव? कधी जॉइन होणार?" पोरांनी विचारायचं ते कुणीच विचारलं नाही : नोकरी कुणाची? कंपनीची का तुमची?

मला त्यातलं थोडं कळतं. मी न्हावाशेवा बंदरात कंटेनरच्या कामावर आहे. माझ्या गेटपासवर बंदराचं नाव आहे आणि पगाराच्या स्लिपवर ठेकेदाराचं. अपघात झाला की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. म्हणून यावेळच्या संपादकीयात कविता नाही, क्रांतीची घोषणाही नाही. यावेळी हिशोब.

आधी धंदा समजून घ्या. कारखान्याला शंभर माणसं पाहिजेत. तो स्वतः भरत नाही, स्टाफिंग कंपनीला सांगतो. स्टाफिंग कंपनी माणसं स्वतःच्या हजेरीपटावर घेते, कारखान्यात उभी करते, आणि महिन्याला बिल लावते : मजुरी, पीएफ, ईएसआय, त्यावर कंपनीचं सेवाशुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी. या धंद्यातल्या दोन मोठ्या कंपन्या, टीमलीज आणि क्वेस, २०१६ साली शेअरबाजारात उतरल्या. त्यांची माणसं लाखांनी मोजतात. दरवर्षी त्यांचा अहवाल निघतो, गुळगुळीत कागदावर, आणि कुणालाही वाचता येतो. मी डिक्शनरी घेऊन वाचायला बसलो.

त्या अहवालांच्या भाषेत आपण 'कामगार' नाही. आपण 'असोसिएट'. आणि धंदा कसा चाललाय हे मोजायचं एक माप आहे : दर माणशी दर महिना कंपनीला किती सुटलं. टक्क्यानं पाहिलं तर या धंद्यात नफा बारीक असतो. म्हणून डोकी वाढवावी लागतात. जितकी डोकी जास्त तितकं वर्ष चांगलं. डोकी वाढली की अहवालात लिहितात, आम्ही रोजगार निर्माण केला.

इथंच थांबा. रोजगार कुणी निर्माण केला? यंत्र कारखान्याचं. माल विकत घेणारा बाजारातला. घाम पोराचा. मधल्यानं केलं काय, तर हजेरीपटावरचं मालकाचं नाव बदललं. काल जी जागा कायम होती ती आज ठेक्याची झाली तरी मधल्याच्या कागदावर एक डोकं वाढलंच. सरकारही या डोक्यांवर पैसे देतं. आयकर कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनं अशी सवलत आली की महिना २५ हजारांपर्यंत पगाराच्या नव्या माणसावर झालेल्या खर्चाच्या ३० टक्के वजावट तीन वर्षं मिळते. १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आली, ९९,४४६ कोटींची. तिच्यात पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला दोन हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १५ हजार. नोकरी देणाऱ्याला एका माणसामागं महिना ३ हजारांपर्यंत, दोन वर्षं. गुणाकार करा. ७२ हजारांपर्यंत. घाम गाळणाऱ्याला १५, हजेरी मांडणाऱ्याला ७२. हा गुणाकार कुठल्याच फ्लेक्सवर नसतो.

खरं बोलायचं तर मोठ्या कंपन्या निदान पीएफ भरतात, बँकेत पगार टाकतात. गल्लीतला ठेकेदार पीएफ कापतो आणि खातंच उघडत नाही. त्या मानानं मोठी बरी, असं पोरं म्हणतात आणि ते खोटं नाही. पण दोन वाईटातलं बरं निवडायला आपण चळवळ काढलेली नव्हती.

आणि ही गोष्ट नगर जिल्ह्याला नवी आहे का? १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विख्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. सहकाराची ती पहिली मोठी पायरी, तिचं मोल आहेच. पण ऊस तोडणारा त्या सहकारात सभासद झाला नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं दसरा-दिवाळीच्या पुढं मुकादमाकडनं उचल घेऊन, कोयता बांधून निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. दोन माणसं, हिशोबात एक अवजार. कारखाना म्हणतो ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो ही कारखान्याची. मुकादमाला टनामागं कमिशन मिळतं. आता सांगा, टनामागचं कमिशन आणि दर माणशी दर महिना मार्कअप, यात इंग्रजीशिवाय फरक कुठला? मुकादम धोतर नेसायचा. आता टाय लावतो आणि वार्षिक अहवाल काढतो.

याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात धामणगावला दया पवार जन्मले. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'बलुतं', १९७८ चं. बलुतं म्हणजे काय हे आपल्या आज्यांना सांगावं लागलं नाही. काम ठरलेलं, मोबदला न ठरलेला, आणि नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेब १९२८ पासून महारवतनाच्या विरोधात कायद्यानं भांडले. वतन जायला १९५८ चा कायदा लागला. आज अकरा महिन्यांचा करार असतो. बाराव्या महिन्यात साहेबाची मर्जी. मर्जीवर जगणं म्हणजेच बलुतं, मग ते धान्यात मिळो नाहीतर यूपीआयनं.

आणि सरकार? ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र शासनानं जीआर काढला. सरकारी, निमसरकारी कार्यालयांना माणसं पुरवायला नऊ खाजगी संस्था नेमल्या. पदांची वाटणी चार वर्गांत : अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल. चार! आपल्याला चार आकडा दिसला की पाठीवर जुने वळ उठतात. मनूला निदान ऋचा शोधावी लागली. इथं टेंडर पुरलं. राज्यभर पोरं रस्त्यावर आली. २० ऑक्टोबर २०२३ ला उपमुख्यमंत्री फडणवीसांनी जीआर रद्द केल्याचं जाहीर केलं आणि पाप आधीच्या सरकारांचं असं सांगितलं. ती सरकारं म्हणाली पाप यांचं. पाप कुणाचं यावर भांडण झालं. पोरांच्या नोकरीवर कुणी भांडलं नाही. जीआर गेला, ठेका गेला नाही. दवाखान्यात, नगरपालिकेत, वीज कंपनीत जाऊन पहा, झाडूपासून कॉम्प्युटरपर्यंत कोण कुणाच्या हजेरीवर आहे.

यातली खरी मेख आरक्षण आहे. घटनेच्या सोळाव्या कलमानं सरकारी पदात आपली जागा ठेवली. पण पद असेल तर आरक्षण. पदच नाही, नुसती 'सेवा' विकत घेतली, तर आरक्षण कशावर लावणार? आरक्षण उघड रद्द करायला गेलं तर त्यावर दंगा होतो. पद रद्द करायला एक टेंडर पुरतं आणि मेळाव्यात त्याला टाळ्या पडतात.

जात मात्र ठेक्यात पुरी भरलेली असते. १ जानेवारी २०१३. नेवासा तालुक्यातलं सोनई. मेहतर समाजातल्या तीन तरुण सफाई कामगारांना संडासाची टाकी साफ करायचं काम आहे असं सांगून बोलावलं आणि तिघांना मारून टाकलं. कारण, एकानं वरच्या जातीतल्या पोरीवर प्रेम केलं. नाशिकच्या कोर्टानं २०१८ साली सहाजणांना फाशी सुनावली. मी त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकतो : काम आहे. आपल्याला मरणाला बोलवायचं असलं तरी कामाच्या नावानंच बोलवता येतं, कारण कुठलं काम कुणाला सांगायचं हे जातीनं आधीच ठरवून ठेवलंय. टाकी साफ करायला पाहिजे म्हटल्यावर कुठल्या वस्तीत फोन जातो, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मग दुसरी रीत नाहीच का? होती. बंदरातच होती. मुंबईच्या गोदीत एकेकाळी टोळीवाले असायचे. पहाटे गेटवर गर्दी, टोळीवाला बोट दाखवील तो आत, बाकीचे उपाशी घरी. पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांच्या मागं गोदी कामगार उभा राहिला. १९४८ चा कायदा आला, १९५१ ला मुंबईत योजना लागू झाली, डॉक लेबर बोर्ड आलं. कामगार बोर्डाच्या पुस्तकावर. पाळी क्रमानं. हजर राहून काम मिळालं नाही तरी हजेरीभत्ता. तेही माणसं पुरवणंच होतं, दोस्तांनो. पण डोक्यामागं नफा कुणाच्या खिशात जात नव्हता. १९६९ ला महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला तो याच वाटेनं. मालकानं पैसे मंडळात भरायचे, मंडळानं हमालाला द्यायचे. नव्वदीच्या दशकात मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टात विरघळलं. मी नोकरीला लागलो तेव्हा टोळीवाला परत आला होता, फक्त त्याच्या हातात बोटाच्या जागी व्हॉट्सॅप ग्रुप होता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. सरकारी सेवायोजन कार्यालयांचं जाळं देशात विणलं गेलं ते त्या काळात, १९४५ ला. नोकरीची चिठ्ठी माणसापर्यंत पोचवायला मधे दलाल नको, एवढी साधी गोष्ट. आज त्या कार्यालयांचं मुख्य काम काय, तर दलालांचे मेळावे भरवणं.

कायदाही पातळ झालाय. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला २० माणसं पुरायची. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात आकडा ५०. म्हणजे ४९ जणांचा ठेका घ्या आणि निवांत झोपा. त्या संहितेत मुख्य कामावर कंत्राटी माणूस नको असं लिहिलंय, पण पुढंच अपवादांची दारं सताड उघडी. एक गोष्ट कामाची आहे : प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलंच पाहिजे. ते मागा. भांडून मागा.

आता शेवटचं. हे लिहायला मला तीन रात्री लागल्या.

तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं मला चहा पाजला. म्हणाला, तुझ्या गावाकडं पोरं असतील, चळवळीतला आहेस, तुझं ऐकतात. डोक्यामागं पाचशे. मी सहा पोरं नेली. तीन हजार घेतले. मनात म्हटलं, पोरांना काम मिळालं, वाईट काय? पाच महिन्यांनी काम संपलं, सहाही पोरं परत. दोन महिन्यांचा पगार अडकलेला. ठेकेदाराचा फोन बंद. माझा चालू होता. त्यांतल्या एकाची आई मला जयंतीच्या मिरवणुकीत भेटली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, आता कुठं काम आहे का बघ ना त्याला."

त्या दिवशी कळलं, मुकादम व्हायला धोतर लागत नाही, टायही लागत नाही. निळा शेला पुरतो. आज आपल्यातले किती जण लेबर सप्लायचं लायसन काढून बसलेत? सकाळी व्याख्यान, दुपारी डोकी मोजणं. त्यांना बोट दाखवायच्या आधी मी माझं बोट माझ्याकडं केलंय. तीन हजार परत केले. अडकलेला पगार मिळवायला सहाही जणांचा अर्ज लेबर ऑफिसात आम्ही मिळून टाकलाय. निकाल काय लागतो ते याच पानावर छापू.

फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड नगरपासून रेल्वेनं काही तासांवर. ते भाषण अजून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

तेव्हा, हे करायचं. एक, मेळाव्याला जा, रांगेत उभे रहा, आणि मोठ्यांदा विचारा : मालक कोण, करार किती महिन्यांचा, माझ्यामागं तुम्हाला किती सुटतं? दोन, सरकारी कामातल्या प्रत्येक ठेक्यात आरक्षण, आणि कुठल्या कामावर कुठल्या जातीची किती माणसं याचा आकडा जाहीर. तीन, जिल्ह्यातल्या एमआयडीसीतल्या ठेका कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ. चार, आपल्यातला कुणीही डोक्यामागं पैसे घेणार नाही. घेतले असतील त्यानं परत करावेत, मग स्टेजवर यावं.

त्यांचा अहवाल वर्षातनं एकदा निघतो. आपला पुढच्या अंकापासून दर अंकात. तुमच्या पगाराच्या स्लिपा घेऊन या, नाव झाकून छापू. डोकी त्यांनी मोजली. त्या डोक्यांत काय आहे, ते आता आपण सांगायचं.

जय भीम.