सत्तेची सीमा आणि परभणीच्या दोन माता

शासनाचा पसारा किती असावा, त्याने कर किती घ्यावा आणि तो कशावर खर्च करावा, हा वाद आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या दिवसांत रंगतो आणि लगेच विरतो. आमच्या मते त्याचा आरंभच चुकीच्या जागी होतो. शासनाची पहिली मर्यादा तिजोरीत नव्हे, कोठडीच्या दारात तपासावी लागते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे ज्या गावाविषयी कौतुकाने म्हणतात, त्या परभणीच्या दोन मातांनी हा प्रश्न महाराष्ट्राला विचारला आहे.

पहिल्या आसिया बेगम. त्यांचा अभियंता मुलगा ख्वाजा युनूस याला घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये पकडण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये तो वाटेतून पळाला, असे पोलिसांनी सांगितले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात ही कथा टिकली नाही. मुलाचा देहही मातेला मिळाला नाही. चार पोलिसांवर खटला भरला गेला. इतरांवर तो भरण्यास शासनाने संमती दिली नाही. ते चौघे २०२० साली पुन्हा सेवेत घेतले गेले.

दुसऱ्या विजयाबाई सूर्यवंशी. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथही होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. श्वसनाचा जुना विकार होता, मारहाण झाली नव्हती, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथेही हरले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु केवळ गुन्हा नोंदवून घेण्यासाठी एका मातेला एवढे झगडावे लागले, हे ठरवायला कोणत्याही निकालाची वाट पाहायला नको.

आता खर्चाचा विचार करू. सोमनाथच्या कुटुंबाला शासनाने दहा लाखांची मदत जाहीर केली. कुटुंबाने ती नाकारली. मातेविरुद्ध दिल्लीपर्यंत लढण्याचा खर्च मात्र जनतेच्याच पैशातून झाला. कोठडीत हक्क पायदळी तुडवला गेला तर भरपाई देणे राज्याला बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच नीलाबती बेहेरा प्रकरणात स्पष्ट केले. ते न्याय्यच आहे. परंतु अपराध्याच्या खिशाला झळ न लागता भरपाई दिली जाते, तेव्हा ती न्याय न राहता अन्यायाचा परवाना होते आणि त्या परवान्याचे शुल्क आपण करदाते भरतो. रस्त्यावरील खड्ड्यांचा हिशेब मागणारे आपण हा हिशेब का मागू नये?

‘दंगलखोरांशी सौम्यपणे वागायचे काय?’ असे काही जण विचारतात. दगड मारणाऱ्याला शिक्षा व्हावीच, परंतु ती न्यायाधीशाने द्यावी. अटक झालेल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे संविधान सांगते. अटकेचे नियम १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात घालून दिले गेले. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश २०२० साली झाला. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. सत्तेला लगाम हवा हे सर्वांना मान्य आहे, तो हाती धरायला मात्र कोणी पुढे येत नाही.

आम्हा ख्रिस्ती जनांना हे नवे नाही. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. राणीने खोटे साक्षीदार उभे केले, कायद्याचे सोंग वठवले आणि नाबोथाचा प्राण घेतला. एलीया संदेष्ट्याने राजाला त्याच मळ्यात गाठून जाब विचारला. मनुष्य राज्याहून आधीचा आहे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात बजावले. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी बंदी असतानाच निवर्तले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांत मेणबत्त्या पेटल्या. मग ख्वाजा आणि सोमनाथ यांच्यासाठी त्या का पेटू नयेत? एक मुसलमान, दुसरा आंबेडकरी चळवळीतला, म्हणून? हक्क केवळ आपल्या माणसासाठी मागितला, तर तो हक्क उरत नाही, सवलत होते. आणि सवलत देणारा ती केव्हाही काढून घेतो.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हावा. भरपाईची रक्कम दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी. कोठडीतील मृत्यूंवर जनतेचा किती पैसा खर्च झाला, याचा तपशील दरवर्षी विधिमंडळापुढे यावा. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या कुटुंबांनी हे तीन प्रश्न विचारावेत. कैसराचे देणे आपण वेळेवर भरतो. माणूस मात्र देवाची प्रतिमा आहे. त्याच्यावर कैसराची मालकी नाही.