मोठं चाक, मोठा माणूस?

मंडळी, आज थोडं भांडायला बसलोय. विषय ऐकून हसाल. गोल्फ कार्टचे टायर!

२०२४ च्या उन्हाळ्यात लेकाकडे जॉर्जियातल्या पीचट्री सिटीला राहून आलो. या गावात कार्टसाठी वेगळ्या वाटांचं शंभरेक मैलांचं जाळं आहे. गोल्फची काठी कधी हातात न धरलेले लोकही कार्टने दुकानात, शाळेत, तळ्यावर जातात. मला हे फार आवडलं. आवडलं नाही ते एकच. चिरंजीवांनी कार्टला २३ इंची टायर बसवले होते. का? तर शेजाऱ्याचे आहेत म्हणून!

मूळ टायरवर लिहिलेलं होतं १८ × ८.५० - ८. म्हणजे टायरची एकूण उंची १८ इंच, रुंदी साडेआठ, आत रिम ८ इंची. मी मराठीचा मास्तर, पण बावीस सप्तमांश मलाही येतं. १८ इंची चाक एका फेऱ्यात साडेछप्पन इंच जातं, २३ इंची सव्वाबहात्तर. मोटर तेवढीच फिरली तरी गाडी सव्वापटीहून जास्त धावते. ताशी १५ मैलांची गाडी १९ ची होते. पण जोर वाढत नाही, उलट कमी होतो. चढावर मोटर कण्हते, बॅटरी लवकर उतरते. ब्रेक मात्र तेच, बहुतेक कार्टना फक्त मागच्या चाकांना असतात तेच.

शिवाय एवढं चाक आत मावत नाही म्हणून गाडी सहा इंच उचलणारं किट घालावं लागलं. त्यात चाकाची त्रिज्या अडीच इंचांनी वाढलेली. म्हणजे बसायची जागा साडेआठ इंच वर गेली, रुंदी जवळपास तीच. एका संध्याकाळी उतारावरच्या वळणात आतलं चाक जमिनीपासून सुटलं. मागच्या सीटवर आठ वर्षांची नात होती. काही झालं नाही, देवाची कृपा. पण तिने माझा दंड किती घट्ट धरला होता ते मी विसरलेलो नाही.

"बाबा, इथे सगळे असंच करतात," लेक म्हणाला. वर्गात कॉपी करताना सापडलेली पोरं हेच म्हणायची.

ज्याला शेतात, चिखलात, दगडधोंड्यांतून जायचंय त्याने खुशाल मोठे टायर घ्यावेत. तिथे त्यांचं काम आहे. डांबरी वाटेवर दिमाखच हवा असेल तर २०५/५०-१० किंवा २१५/३५-१२ घ्या. रिम मोठी आणि चकचकीत, पण टायरची एकूण उंची १८ इंचांच्या आसपासच. वेग, जोर, तोल जिथल्या तिथे. १२ च्या रिमवर रबराची भिंत बुटकी, म्हणून खड्डे जरा जास्त जाणवतील, एवढंच. घेण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघा.

आमचे फ्लोरिडातले भाचे सध्या २३ इंचींची ऑर्डर द्यायच्या बेतात आहेत असं कळलं. बाळा, हा लेख तुझ्यासाठीच आहे. तुझ्याही गाडीत मागे पोरं बसतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं गाडी पाहून चाक घ्यावं.

असो. पटलं नाही तर खाली भांडा, मी आहेच.