मालक कोण?

भित्तिचित्र बदलले, चिन्हांची मांडणी बदलली, की स्मार्टफोन आपला झाला, असे ग्राहकाला वाटते. ओएलईडी पडद्यावर काळी पार्श्वभूमी वीज वाचविते, हेही खरे. तेथे काळा बिंदू प्रकाशतच नाही. पण मालकी एवढ्याने मिळते काय? बॅटरी थकल्यावर जुन्या आयफोनचा वेग आपणच कमी करतो, ही कबुली अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये दिली, तीही बोभाटा झाल्यावर! लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने झिजते, सतत पूर्ण भारित ठेवल्यानेही झिजते. झिजणारा भागच चिकटवून टाकणे हा कसला व्यवहार? युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी फेब्रुवारी २०२७ पासून बंधनकारक ठरविली. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाने बॅटरी निघत नाही. त्याला कायदाच लागतो.